किंचाळणं कमी झालं म्हणजे अल्बम मऊ झाला का?

मधली_तार

टर्नस्टाइल या बँडचा 'नेव्हर इनफ' जून २०२५ मध्ये आला तेव्हापासून जिकडे पाहावं तिकडे एकच रड. बँड मऊ झाला, सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) आले, बासरी आली, आता हार्डकोअर (पंकचा वेगवान, आक्रमक प्रकार) उरलंय कुठे! (बासरी खरंच आहे. 'सनशॉवर'मध्ये शबाका हचिंग्जने वाजवली आहे आणि मला ती जाम आवडते.) फाँटेन्स डी.सी.च्या 'रोमान्स'च्या वेळी हेच ऐकलं, आयडल्सच्या 'टँग्क'च्या वेळीही हेच. दोन्ही २०२४ चे.

माझं मत सरळ सांगते. पोस्ट-हार्डकोअर, म्हणजे हार्डकोअरमधून पुढे फुटलेलं संगीत, कधीच किंचाळण्यावर उभं नव्हतं. ते उभं आहे ड्रम-बेसवर आणि वाद्यं जिथे थांबतात त्या जागांवर. फुगाझीचं 'वेटिंग रूम' घ्या. बेसची ती ओळ सुरू होते, बाकीचे आत येतात, गाणं आता कुठे रंगात येतंय असं वाटतं आणि सगळं ठप्प. काही सेकंद काहीच नाही. मग त्याच बेसवर पुन्हा सुरुवात. त्या थांबण्यात जो ताण आहे तो घसा फोडून येत नाही.

गेल्या चार-पाच वर्षांतले अल्बम मी याच मापाने ऐकते. म्हणून 'ग्लो ऑन' (२०२१) मला 'नेव्हर इनफ'पेक्षा उजवा वाटतो, पण त्यात ओरडणं जास्त आहे म्हणून नव्हे. त्यातली गाणी बोलणं संपलं की उठून जातात. 'नेव्हर इनफ'मधली काही दारात उभी राहून गप्पा मारत बसतात. 'लुक आउट फॉर मी' मात्र अपवाद. साडेसहा मिनिटांच्या पुढे जातं, शेवटी गिटार पार विरून नाचायच्या संगीतात शिरतं, आणि तरी एक मिनिट फालतू नाही.

तर प्रश्न असा: आवाज खाली आला म्हणून एखादा बँड तुमच्या मनातून उतरला का? कोणता? आणि नेमकं काय गेलं?

कानठळ्या

पूर्ण असहमत.

गळा हेही वाद्यच आहे की. टुशे आमोरेचा 'स्टेज फोर' (२०१६) गाऊन दाखवा बरं गोड आवाजात. गायक जेरेमी बोमची आई कर्करोगाने गेली, आणि ती गेली तेव्हा हा माणूस मंचावर कार्यक्रम करत होता. तो अख्खा अल्बम त्यावर आहे. आईने शेवटी ठेवलेला फोनवरचा निरोप ऐकायची हिंमत होत नाही, असल्या गोष्टी तो सांगतो. हे बोलून सांगता आलं असतं तर त्याने बोलूनच सांगितलं असतं ना? तिथून किंचाळणं काढा, ड्रम-बेस कितीही भारी असू दे, खाली उरतं ते नीट वाजवलेलं इंडी रॉक.

टर्नस्टाइलबद्दल म्हणाल तर माझी तक्रार बासरीची नाहीच. अल्बमच्या नावाचं पहिलं गाणं आणि 'ग्लो ऑन'चं पहिलं गाणं 'मिस्टरी' पाठोपाठ लावा. साचा तोच, रंग नवा. मऊ झाले असते तरी चाललं असतं, पण हे तर स्वतःचीच नक्कल करायला लागले.

रोमातला_राजा

वाचनखूण साठवली आहे. चालू द्या.

आवाज_खाली

आमच्याकडे 'हा माणूस एवढा का चिडलाय?' असं विचारतात. मी म्हणतो, तेच समजून घ्यायला चाळीस मिनिटं ऐकतोय, मध्ये बोलू नका.

सातवी_स्ट्रिंग

मधली_तार, कानठळ्या, तुमचं भांडण एका गाण्यात मिटतं.

स्लिंटचा 'स्पायडरलँड', १९९१, गाणं 'गुड मॉर्निंग, कॅप्टन'. साडेसात मिनिटांच्या वर आहे. त्यातला बहुतेक वेळ गायक ब्रायन मॅकमहन शेजारच्याला गोष्ट सांगावी इतक्या हळू बोलतो. गिटार तेच दोन-तीन स्वर उगाळतेय, ड्रम कोरडे ठणठणीत. गाणं संपत आलं की तो एकच वाक्य ओरडतो. आधीची सात मिनिटं त्याने तोंड मिटून ठेवलं म्हणून ते ओरडणं अंगावर येतं. पहिल्या सेकंदापासून बोंबलला असता तर लक्षातही राहिलं नसतं.

म्हणजे थांबणंही हवं आणि किंचाळणंही हवं, प्रश्न उधळपट्टीचा आहे. हल्लीचे कित्येक बँड पहिल्या गाण्याच्या पहिल्या ओळीला सगळी पुंजी उडवतात आणि मग अर्धा तास उधारीवर काढतात. चॅट पाइलचं मला यासाठी कौतुक वाटतं. 'गॉड्स कंट्री' (२०२२) मधलं 'व्हाय' ऐका. लोकांना रस्त्यावर का राहावं लागतं, हा एकच प्रश्न. सुरुवातीला गायक साध्या बोलण्याच्या आवाजात विचारतो, जणू खरंच कोणीतरी उत्तर देईल. उत्तर येत नाही तसा आवाज फाटत जातो. 'कूल वर्ल्ड' (२०२४) त्यामानाने एकसुरी वाटला मला. आवाज तेवढाच मोठा, पण ती चढण नाही.

कानठळ्या

'कूल वर्ल्ड' एकसुरी?? तुमच्याशी आता बोलायचं की नाही याचा विचार करतोय.

मुग्धा_१७

इथे सगळे एकाच बाजूने बघताय. किंचाळणं कमी झालेलंच नाही, त्याने फक्त बिऱ्हाड हलवलंय. पोस्ट-हार्डकोअरवाले सिंथ आणि बासरीकडे गेले, आणि तिकडे इंडी रॉकवाल्यांनी त्यांचं जुनं सामान उचललं.

वेन्सडेचं 'बुल बिलिव्हर' ऐका, 'रॅट सॉ गॉड' (२०२३) मधलं. साडेआठ मिनिटांचं. अर्धं गाणं झाल्यावर रंग बदलतो, मुलगा सोफ्यावर बसून 'मॉर्टल कॉम्बॅट' खेळतोय इतकाच प्रसंग, आणि त्या खेळातले दोन शब्द घेऊन गायिका कार्ली हार्ट्झमन जी सुटते! आधी गुणगुणल्यासारखं, मग रडल्यासारखं, शेवटी निव्वळ आरोळ्या. बँडची जातकुळी कंट्री आणि शूगेझची (गिटारच्या धूसर गोंगाटात गाणं बुडवणारा प्रकार). 'ब्लीड्स' (२०२५) मध्ये तर 'वॉस्प' नावाचं दीड मिनिटाचं गाणं सरळसरळ हार्डकोअर आहे, आणि त्याच्या आजूबाजूला स्टील गिटार.

गीजच्या 'गेटिंग किल्ड'च्या (२०२५) पहिल्याच गाण्यात गाडीत बॉम्ब असल्याची आरोळी येते, मागे ट्रम्पेट भरकटतोय. मॅनेकिन पुसीचा 'आय गॉट हेवन' (२०२४) अर्ध्या तासाचा अल्बम, त्यात एक गाणं मध, पुढचं कुऱ्हाड. 'लाउड बार्क'मध्ये मरिसा डबीस तीच ओळ परत परत म्हणते आणि दर वेळी आवाज एक पायरी चढवते. सातवी_स्ट्रिंग म्हणतात ती चढण हीच.

त्यामुळे 'मऊ झाले' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन, तुम्ही चुकीच्या दुकानात उभे आहात.

रोमातला_राजा

मुग्धा_१७, +१. आजचा प्रतिसाद.

तळटीप

चांगला धागा. पण काही शिस्त पाळू या का? गीज, वेन्सडे हे पोस्ट-हार्डकोअरमध्ये मोजायचे नाहीत. पोस्ट-हार्डकोअर म्हणजे हार्डकोअरमधून बाहेर पडलेल्यांनी त्याच ऊर्जेचं पुढे काय केलं ते. हस्कर डूचा 'झेन आर्केड' १९८४ चा, हार्डकोअर बँडने काढलेला दुहेरी अल्बम, तोही गोष्ट सांगणारा. १९८५ मध्ये वॉशिंग्टन डी.सी.त राइट्स ऑफ स्प्रिंग. त्यातले गी पिचोटो आणि ब्रेंडन कँटी पुढे फुगाझीत आले. ही वंशावळ आहे. आणि फाँटेन्स डी.सी. या वंशावळीत कुठेच नाहीत. ते पोस्ट-पंक, आणि त्यांच्या नावातला 'डी.सी.' म्हणजे डब्लिन सिटी.

आवाज_खाली

आले वर्गीकरणवाले. रेशनकार्डावर नाव लावायचंय का सगळ्यांचं?

तळटीप

हेटाळणी अपेक्षित होती. पण वंशावळ माहीत असली की एक कळतं: 'मऊ झाले' ही तक्रार या संगीताइतकीच जुनी आहे. फुगाझी आले तेव्हा मायनर थ्रेटच्या चाहत्यांनाही ते संथच वाटले असणार. गायक इयन मकाय दोन्हीकडे तोच!

बिनधास्त_बेसिस्ट

उशिरा आलो. बेस वाजवतो म्हणून मधली_तारच्या बाजूने आहे, पक्षपात मान्य समजा.

पण कोणी अजून रेकॉर्डिंगबद्दल बोललंच नाही, आणि निम्मं 'मऊ झाले' प्रकरण तिथलंच असतं. गायक तेवढाच ओरडतोय, पण मिक्समध्ये (सगळे आवाज एकत्र जुळवताना) त्याला इतकं घासूनपुसून समोर बसवलंय की धार लागत नाही. जुनं उदाहरण, ॲट द ड्राइव्ह-इनचा 'रिलेशनशिप ऑफ कमांड' (२०००). निर्माता रॉस रॉबिन्सन, मिक्स अँडी वॉलेसचं. जगाने डोक्यावर घेतला, पण गिटारवादक ओमार रॉड्रिगेज-लोपेझने त्या मिक्सबद्दल पुढे नाराजी बोलून दाखवली. २००१ मध्ये बँड फुटला, एका बाजूला मार्स व्होल्टा, दुसऱ्या बाजूला स्पार्टा. तोच रॉबिन्सन आता टुशे आमोरेकडे: 'लॅमेंट' (२०२०) आणि 'स्पायरल इन अ स्ट्रेट लाइन' (२०२४). या दोन्हीत मला त्याचं काम जास्त आवडतं, कारण गिटारींना हवा खेळायला जागा ठेवली आहे. बोम पूर्वीइतकाच ओरडतो. तरी लोक म्हणणार अल्बम मवाळ आहे, कारण आजूबाजूला जागा दिसते.

उलट उदाहरण शेलॅकचा 'टू ऑल ट्रेन्स'. त्यांचा गायक-गिटारवादक आणि नावाजलेला रेकॉर्डिंगवाला स्टीव्ह अल्बिनी ७ मे २०२४ ला गेला, अल्बम १७ मेला आला. दहा गाणी, अठ्ठावीस मिनिटं. तो कोणी भावुक होऊन ऐकावा म्हणून केलेला नाही, टवाळक्या भरल्यात नुसत्या. टॉड ट्रेनरचा स्नेअर (खणखणीत वाजणारा ड्रम) ऐका. काठी पडल्यावर आधी कातड्याचा आवाज, मग खोलीचा. तुम्ही ड्रमपासून किती हात लांब उभे आहात ते डोळे मिटून सांगता येतं. बॉब वेस्टनचा बेस त्याच्या शेजारी गुरगुरतोय, गिटारपेक्षा अजिबात खाली नाही. अल्बिनी बराच वेळ नुसता बोलतो. याला मऊ म्हणून दाखवा कोणी.

मुग्धा_१७

अल्बिनीवरून: निर्व्हानाचं रेकॉर्डिंग करायच्या आधी त्याने बँडला पत्र लिहिलं होतं, मला रॉयल्टी नको, प्लंबरसारखी कामाची मजुरी द्या. आणि खरंच घेतली नाही. अल्बम लाखोंनी खपणार हे दिसत असताना!

आवाज_खाली

आजकाल प्लंबरची मजुरी बघता शहाणा माणूस होता म्हणायचा.

सातवी_स्ट्रिंग

अवांतरच चाललंय तर माझंही एक. पैशांवरून सिंडी ली आठवली. 'डायमंड ज्युबिली' (२०२४), बत्तीस गाणी, दोन तासांच्या वर. आला तेव्हा स्ट्रीमिंगवर नव्हताच. यूट्यूबवर सलग एक फाईल, आणि जिओसिटीजच्या जुनाट दिसणाऱ्या पानावर डाउनलोड, वाटलं तर तीस कॅनेडियन डॉलर द्या. वर्षअखेरीच्या किती याद्यांमध्ये वर होता! मला तर तो ऐकायची सक्ती आवडली. गाणं बदलायला बटणच नाही, बसा निमूट.

२०२५ मध्ये डियरहूफ, शू शू, किंग गिझर्ड वगैरेंनी स्पॉटिफाय सोडलं, त्यामागे स्पॉटिफायचा सहसंस्थापक डॅनियल एक याची लष्करी तंत्रज्ञानातली गुंतवणूक होती. फुगाझीवाले पाच डॉलरची तिकिटं लावायचे, त्याच हट्टाचा हा पुढचा अवतार मला वाटतो. तळटीप, ही वंशावळ चालेल का?

तळटीप

चालेल.

कानठळ्या

धागा पार भरकटायच्या आत परत येऊ या.

मधली_तार, तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो: नाही, आवाज खाली आला म्हणून कोणी मनातून उतरलं नाही. आवाजामागचं कारण गेलं की उतरतात. 'टँग्क'मध्ये निम्मी गाणी प्रेमाची आहेत, नायजेल गॉडरिच निर्मितीत आहे, ते सगळं ठीक. पण आयडल्सचा गायक जो टॅल्बट 'जॉय ॲज ॲन ॲक्ट ऑफ रेझिस्टन्स'मध्ये (२०१८) 'जून' गायला तेव्हा त्या संथ गाण्यात त्याची मुलगी गेल्याचं दुःख होतं आणि तिथे तो किंचाळत नव्हता. तरी ते त्याचं सगळ्यात जड गाणं आहे. 'टँग्क'मध्ये मला घोषणा ऐकू येतात. प्रेमाच्या असल्या तरी घोषणाच.

मधली_तार

कानठळ्या, 'जून' तर माझ्याच बाजूचा पुरावा झाला की हो! किंचाळत नाही आणि सगळ्यात जड आहे, तुम्हीच लिहिलंय.

बेसिस्टांचा मुद्दा पटला, 'स्पायरल' मी त्याच कारणासाठी वर ठेवते. त्यात शेवटच्या गाण्यात गायिका ज्युलियन बेकर येते आणि तिचा आवाज बोमच्या मागे पातळ पदरासारखा राहतो. ती 'स्टेज फोर'च्या शेवटच्या गाण्यातही होती, त्यामुळे दोन अल्बम एकमेकांशी बोलल्यासारखे वाटतात.

आणि फाँटेन्सवाल्यांना तळटीपांनी वंशावळीतून हाकललं तरी 'स्टारबर्स्टर'बद्दल बोलणारच. त्यांचा गायक ग्रियन चॅटनला लंडनमधल्या सेंट पँक्रस स्टेशनवर घबराटीचा झटका आला होता, गाणं त्यावरून. ध्रुवपदात प्रत्येक ओळीनंतर तो जोरात श्वास आत ओढतो. माइकच्या अगदी जवळ. दुसरा कोणी असता तर तिथे ओरडला असता. हा हवा बाहेर सोडायच्या ऐवजी आत घेतो आणि ऐकणाऱ्याचा जीव गुदमरतो. मऊ कुठे आहे यात?

अनवाणी

पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. या धाग्यावर ब्लॅक कंट्री, न्यू रोडचं नाव कसं नाही? तिथे तर आवाजच गेला! 'अँट्स फ्रॉम अप देअर' ४ फेब्रुवारी २०२२ ला येणार, आणि त्याच्या चार दिवस आधी गायक आयझॅक वुडने बँड सोडल्याचं जाहीर केलं. उरलेल्यांनी ठरवलं, त्याची गाणी वाजवायची नाहीत. अख्खा नवा कार्यक्रम रचला, दौरे केले, तेच पुढे 'लाइव्ह ॲट बुश हॉल' (२०२३) म्हणून आलं.

मला 'फॉरएव्हर हाऊलाँग' (२०२५) आवडतो. तिघी मिळून गातात, रेकॉर्डर नावाच्या बासऱ्या वाजतात, सगळं कसं उजेडात आहे. पण 'बास्केटबॉल शूज'च्या बारा मिनिटांच्या शेवटी वुडचा आवाज फाटून कुठल्या कुठे जातो तसं काही त्यात नाही, आणि मी ते शोधत राहतो. बँडवर अन्याय करतोय हे कळतं.

सातवी_स्ट्रिंग

स्वागत. अन्याय कसला? वुडची गाणी ते स्वतःच वाजवत नाहीत, म्हणजे ती जागा रिकामी आहे हे त्यांनाही मान्य आहे. मधली_तारच्या 'नेमकं काय गेलं'ला इतकं नेमकं उत्तर अजून आलं नव्हतं.

बिनधास्त_बेसिस्ट

टायलर हाइडचा बेस मात्र दोन्हीकडे आहे. जाता जाता सांगितलं.

आवाज_खाली

सगळं ठीक, पण मी यातलं जेमतेम दहा टक्के ऐकलंय. कुठून सुरू करू? तीन सांगा. वंशावळ नको.

मधली_तार

आधी 'ग्लो ऑन', कारण त्यात अडखळायला काही नाही. मग 'आय गॉट हेवन'. दोन्ही पचले की ला डिस्प्यूटचा 'नो वन वॉज ड्रायव्हिंग द कार' (२०२५), पण तो शब्द समोर उघडून ऐका. जॉर्डन ड्रेयर गातो कमी, सांगतो जास्त, आणि भराभर. चौदा गाण्यांत माणसं आणि प्रसंग येत राहतात, शब्द हुकले तर नुसती कटकट वाटेल. नाव चालकाविना गेलेल्या टेस्लाच्या अपघाताच्या बातमीतून आलंय. कामं करता करता मागे लावायचा अल्बम नाही तो.

कानठळ्या

तिसऱ्याच्या जागी 'स्टेज फोर'. ला डिस्प्यूट नवख्याला द्यायचा म्हणजे छळ आहे.

मुग्धा_१७

तिसऱ्याच्या जागी 'रॅट सॉ गॉड'. आणि 'बुल बिलिव्हर'ला आवाज आधीच अर्ध्यावर आणून ठेवा, नाहीतर घरचे पुन्हा विचारतील हा माणूस का चिडलाय. या वेळी बाई आहे एवढंच.

बिनधास्त_बेसिस्ट

तिन्ही ऐकून झाले की जीझस लिझर्डचा 'रॅक' (२०२४). सव्वीस वर्षांनी आलेला अल्बम, आणि म्हाताऱ्यांनी तरुणांची वाजवली आहे.

तळटीप

'रॅक' पोस्ट-हार्डकोअर नाही, नॉइज रॉक आहे.

आवाज_खाली

ह्यांना कोणीतरी 'वॉस्प' लावून द्या. दीड मिनिट तरी गप्प बसतील.